रविवारचं शटर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, भावजयीला नाही, नोकरीतल्या एकाही मैत्रिणीला नाही — आणि मैत्रिणी तरी होत्या कुठे म्हणा. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर हीच गोष्ट मी जरा वळवून, माझी बाजू धुऊनपुसून सांगितली असती. ते मला चांगलं जमतं. तीस वर्षं मराठी शिकवलंय मी.

परवा काय झालं — आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं, त्यांची मुलगी नववीत आहे. तिची आई वर आली. म्हणाली, बाई, मोबाईलवर एक मालिका आहे, शाळेतल्या मुलामुलींची. सगळं अगदी खरंखुरं दाखवतात. पोरगी जेवतानासुद्धा सोडत नाही. तुम्ही सगळा जन्म मुलींमध्ये काढलात, तुम्हीच सांगा, बघू द्यावी की नको? साधा प्रश्न होता. मी म्हटलं, माझे डोळे दुखताहेत, मला त्यातलं काही कळत नाही. ती गेली. मी दार लावलं आणि तिथेच कितीतरी वेळ उभी राहिले. डोळे अजिबात दुखत नव्हते.

एके काळी हाच प्रश्न मला अख्खं गाव विचारत असे.

पिंगळी स्टेशनला उतरून शेतातल्या वाटेनं पाऊण तास चालायचं, असं ते गाव. नाव घेत नाही. गावाचा काही दोष नाही यात, उगाच त्याचं नाव कशाला? तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायची आणि कौसल्याबाईंच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. कौसल्याबाई म्हणजे गावातल्या बऱ्यापैकी जमिनीच्या मालकीणबाई. नवरा निवृत्तीराव, आणि एकुलती एक मुलगी मंदा — माझ्याच वर्गात, नववीत. माझं लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. शाळा सुटली की घर खायला उठायचं. परभणीला टॉवर झाला, आसपासच्या गावांत चित्र दिसायला लागलं, तेव्हा मी टीव्ही घेतला तो केवळ घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

काळापांढरा टीव्ही, लाकडी पेटीतला. पेटीला दोन बाजूंनी सरकत येऊन मधे मिळणारं शटर आणि त्याला एवढंसं कुलूप. वर पत्र्यावर पाइपाला बांधलेला अँटेना. त्याच्यावर कावळा बसला की बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड वाकडं व्हायचं. आमच्या आळीत दुसरा टीव्ही नव्हता, त्यामुळे रविवारी सकाळी माझ्या खोलीत सतरंजीभर मुली जमायच्या. आणि मुली जमायला लागल्या, तशा त्यांच्या आया विचारायला लागल्या.

कारण तेव्हा ती होस्टेलची मालिका सुरू झाली होती. हिंदी होती. शहरातल्या एका मुलींच्या होस्टेलची गोष्ट, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची. देवादिकांच्या मालिकांना कुणी काही विचारत नसे, पण हिच्यात मुली परीक्षेत नापास व्हायच्या, घरी खोटी पत्रं लिहायच्या, एकमेकींवर चिडायच्या, रडायच्या — खऱ्या मुलींसारख्याच. आयांना ती शहरी हिंदी अर्धीमुर्धी कळायची. त्यामुळे शनिवारी मंदा निरोप घेऊन यायची, "बाई, आई विचारायलीय, उद्याचं बघण्यासारखं हाय का न्हाई?" मला तरी आधी काय कळणार? पण मागच्या भागाच्या शेवटावरून मी अंदाज बांधायची आणि सांगायची. मुलींनी यायचं असेल तर सकाळी शटर उघडं. नसेल तर बंद. हळूहळू हा गावचा शब्दच झाला. एखादी गोष्ट पोराबाळांच्या कामाची नाही असं म्हणायचं असलं की लोक म्हणायचे, त्याला शटर लावा. पारावरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पा वाकड्या वळणाला लागल्या तरी कुणीतरी म्हणायचं, आबा, शटर.

मी हे काम फार मनापासून करायची. हसू नका. आया विचारायच्या ते एकच — त्यात काही वाईट हाय का? मी म्हणायची, वाईट सगळ्यातच असतं. वाईट घडल्यावर त्यातली पोर कुणाकडे जाते, ते बघा. आईकडे जाते? बाईंकडे जाते? की कुणाकडेच जात नाही? कुणाकडेच जात नसेल, तर आपल्या लेकराला ते एकटं बघू देऊ नका, जवळ बसा. बघून झाल्यावर लेकरू काय विचारतं तिकडे लक्ष द्या, आणि विचारलं तर खरं उत्तर द्या. एवढंच होतं माझं शास्त्र. आजही मला ते चूक वाटत नाही.

एकदा त्यातली एक मुलगी नापास होऊन रेल्वेनं पळून गेली. निवृत्तीराव भडकले, पोरी हे बघून पळायला शिकतील म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीही येऊन बसा. ते खरंच आले, दाराशी उकिडवे बसले आणि शेवटी उठून गेले. त्या सहामाहीत मंदा गणितात गेली, पण त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही. दुसऱ्या एका भागात होस्टेलातल्या एका मुलीला पहिल्यांदाच पाळी येते आणि ती घाबरून न्हाणीघरात बसून राहते. मी शटर उघडं ठेवलं, बाप्या माणसांना घालवून दिलं, आणि मालिका संपल्यावर अर्धा तास मुलींशी बोलले. कौसल्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटलीत धपाटे घेऊन आल्या. म्हणाल्या, "बरं केलंत, बाई. माझ्याच्यानं सांगणं झालं नसतं."

म्हणजे बघा, केवढा विश्वास होता. मी शटर लावलं तर कुणी का म्हणून विचारत नव्हतं.

त्या मुलींत एक वंदना होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, बौद्धांची. तिची आई शेवंताबाई निवृत्तीरावांच्याच वावरात कामाला जायची. वंदना माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी — निबंधात तिच्या वाक्याला लाल शाई लावायची वेळ माझ्यावर क्वचितच आली. ती रविवारी यायची आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, सतरंजी संपते तिथे फरशीवर बसायची. तिला कुणी तिथे बसवलं नव्हतं. आणि कुणी तिला पुढे ये असंही म्हटलं नव्हतं. कुणी म्हणजे कोण? खोली माझी होती. सतरंजी माझी होती.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. इतका वेळ मी दुसऱ्यांबद्दलच बोलते आहे — लक्षात आलंच असेल तुमच्या.

या गावात बदलून आले तेव्हा खोली बघायला कौसल्याबाईंकडे गेले. त्यांनी पाणी दिलं, नाव विचारलं. मी सांगितलं, जाधव. "कुठले जाधव?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. आडनाव एकच, जाती चार. कुठले म्हणजे गाव नव्हे. पण मी गाव सांगितलं. म्हटलं, वसमतकडचे. त्यांनी क्षणभर विचार केला. वसमतकडे त्यांचे सोयरे होते, तेही जाधवच. "म्हंजे आपलेच की," त्या म्हणाल्या आणि किल्ली काढायला आत गेल्या. मी काही बोलले नाही. खोटं असं मी काहीच बोलले नव्हते. आम्ही वसमतकडचेच.

आम्ही बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा आमचं गावातलं घर गेलं आणि वडील आम्हाला घेऊन परभणीला आले. दादा मोर्च्यांत गेला, तुरुंगात जाऊन आला, पुन्हा मोर्च्यांत गेला. मी डी.एड. झाले, मग बी.ए., बी.एड. आणि मग वसमतकडची झाले. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घर दादाचंही गेलं होतं. शाळेच्या कागदांवर सगळं लिहिलेलं होतं, हेडमास्तर जाणून होते. भला माणूस, कधी तोंड उघडलं नाही त्यांनी, आणि पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली. नवे आले त्यांनी कागद उघडले नाहीत. वस्तीकडे मी पाऊल टाकत नसे. दादाकडे जायचं तर कौसल्याबाईंना सांगायची, परभणीला दवाखान्यात जाऊन येते. इतक्या वेळा दवाखान्यात गेले मी, की त्या बिचाऱ्या माझ्यासाठी नवस बोलल्या होत्या. मला काय झालंय तेवढं विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

असं राहिलं की माणूस एकटं पडतं. इकडच्या लोकांशी मनातलं बोलता येत नाही, आणि तिकडच्यांसमोर मान वर करता येत नाही. भरलेल्या खोलीत, मुलींच्या हसण्यात, मी बसून असायची, आणि ती मुलगी उंबऱ्याशी, मी खुर्चीत — त्या खोलीत आम्ही दोघीच एकमेकींच्या होतो.

तर एका रविवारी त्या होस्टेलात नवी मुलगी आली. चष्मेवाली. आमच्या मुली सगळ्यांना अशीच नावं ठेवायच्या — रडकी, पळपुटी, चष्मेवाली. गरीब घरची, अबोल, सगळ्यांना हवीहवीशी झालेली. आणि भागाच्या शेवटी तिच्या खोलीतली मुलगी तिची ट्रंक सरकवायला जाते, तर ट्रंकेवर रंगानं लिहिलेलं नाव दिसतं, आणि त्या रंगाखाली खरवडलेलं दुसरं आडनाव. ती मुलगी बोट फिरवून ते वाचते. तिथेच संपलं.

मग मंदा म्हणाली, "बाई, आडनाव बदललं तरी कळतं व्हय?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी कळेल. सगळ्या मुली टीव्हीकडेच बघत होत्या, जाहिरातीकडे. पण मला वाटलं, त्या सगळ्या माझ्याकडे बघताहेत. वंदना मात्र फरशीकडे बघत होती.

मुली गेल्या. सतरंजीची घडी घालायला वंदना मागे राहायची, तशी राहिली. दहावी झाली की तिला परभणीच्या होस्टेलात जायचं होतं. वर्षभर तेच तिच्या डोक्यात होतं. घडी घालता घालता म्हणाली, "बाई, होस्टेलात असं विचारतेत का?"

"काय?"

"कोण हाय म्हणून."

मला कळलं नव्हतं का? तिला गोष्ट नको होती. तिला पुढे होस्टेलात कसं राहायचं ते विचारायचं होतं. आईला विचारून उपयोग नव्हता, शेवंताबाई कधी पिंगळीच्या पुढे गेली नव्हती. ती मला विचारत होती. मी म्हटलं, आधी अभ्यास कर. पास तरी हो.

संध्याकाळी कौसल्याबाई आल्या. त्या दिवसांत पुन्हा नामांतराचे मोर्चे आणि बंद चालू होते, गावात दोन्हीकडची माणसं जपून, मोजून बोलत होती. मंदानं घरी जाऊन काय ते सांगितलं होतं. कौसल्याबाई जात्यापाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "लय ताणाचं दिसतंय, बाई, पुढचं. पोरींनी बघावं का न्हाई? तुमी बघा म्हणलात तर मी बी बसते. मंदाच्या बापाला मी सांगते."

हे वाक्य नीट ऐका, कारण मी ते पुढची कित्येक वर्षं विसरल्याचं सोंग केलं. मी बघा म्हटलं असतं तर ती बाई बसली असती. आपल्या मुलीला घेऊन, सतरंजीवर, वंदनापासून दोन हातांवर. गाव काही सगळं माझ्या अंगावर येणार नव्हतं. एका बाईनं दार उघडून धरलं होतं, आणि माझी मान हलायचा अवकाश होता.

मी म्हटलं, "नको. हे त्यांचं वय नाही."

वय — किती सोयीचा शब्द आहे बघा. त्याच्यामागे काहीही लपवता येतं. पाळीचं कळायला त्याच मुलींचं वय झालं होतं, घर सोडून पळण्याचं कळायला झालं होतं. मनात विष कालवलं जातं असल्या गोष्टींनी, असंही मी पुढे म्हटलं. कौसल्याबाई थोड्या गोंधळल्या, मग म्हणाल्या, "तुमाला कळतंय, बाई. लावा शटर."

पुढच्या रविवारी शटरला कुलूप होतं. मुली आल्या, बघून गेल्या. मग मी दाराला आतून कडी घातली, शटर उघडलं, आवाज अगदी बारीक केला आणि टीव्हीच्या समोर, काचेपासून हातभर अंतरावर बसून तो भाग एकटीनं बघितला. चष्मेवाली जेवणाच्या खोलीत उभी राहते आणि स्वतःचं खरं आडनाव स्वतःच्या तोंडानं सांगते. दोन मुली ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. एक जात नाही. बस एवढंच. मारामारी नाही, भाषण नाही. मी तोंडात पदर कोंबून रडले. वंदनाला पाहिजे होतं ते सगळं त्या अर्ध्या तासात होतं — कोण जातं, कोण राहतं, आणि उरलेल्यांबरोबर जेवायचं कसं. ते मी कडी लावून एकटीनं बघितलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं विचारलं, "बाई, त्या पोरीचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, मीही बघितलं नाही. डोळ्याला डोळा न भिडवता म्हटलं.

इथे थांबले असते तर — पण मी इथे थांबले नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मालिकेत दुसरीच गोष्ट सुरू झाली, शटर उघडलं. मुली आल्या. वंदना आली, चपला काढून पायरीवर चढली. मी दारात उभी राहिले. म्हटलं, तू आता येत जाऊ नकोस. दहावी तोंडावर आली. अभ्यास बुडतो तुझा.

मागून मंदा म्हणाली, "बाई, मी बी दहावीलाच जायलेय की."

"तू गप बस," मी म्हटलं.

सगळ्यांना कळलं — म्हणजे कळायचं ते कळलं. वस्तीतली पोरगी, दिवस असे, बाईंनी बंद केली. त्यांना तसं वाटू दिलं मी. कौसल्याबाईंनी सांगितलं म्हणून केलं, असं मी मनाशी किती वर्षं म्हणत आले. कौसल्याबाईंनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

मग का? हेच सांगायचं मी इतका वेळ टाळते आहे.

त्याच्या आदल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मी परभणीला दादाकडे होते. पांढरं लुगडं नेसून, विहारात बायकांच्या रांगेत, हात जोडून बुद्धवंदना म्हणत. डोळे उघडले तर समोरच्या रांगेत आमची वंदना — मावशीकडे आली होती. मला बघून तिचा चेहरा असा फुलला, की तसा आनंद मला बघून पुन्हा कुणाला झालेला मला आठवत नाही. संपल्यावर गर्दीतून वाट काढत आली, हात जोडले आणि म्हणाली, "जयभीम, बाई."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तू इथे काय करतेस?"

तिचे हात तसेच जोडलेले राहिले. मग तिनं ते खाली घेतले. शहाणी मुलगी. त्या एका वाक्यातून तिला सगळं समजलं, आणि त्यानंतर वर्षभर वर्गात, रस्त्यात, माझ्या खोलीत ती मला फक्त बाई म्हणत राहिली. वर्षभर तिनं माझ्याकडे कसली सवलत मागितली नाही, कधी सूचक हसली नाही. उंबऱ्याशी बसत राहिली. आणि मी वर्षभर तिच्या ओठांकडे बघत राहिले, की कधी हलतील. ती ट्रंक दिसली तेव्हा मला त्या मालिकेची भीती नव्हती वाटली. माझ्या खोलीत एक साक्षीदार बसला होता, आणि पोरी प्रश्न विचारायला लागल्या होत्या. मला तो साक्षीदार बाहेर हवा होता. शटर ही नुसती सुरुवात होती.

हे तिला माहीत होतं. पायरीवर, माझं बोलणं ऐकून घेतल्यावर, तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मंदाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी कुणालाच सांगितलं न्हाई, बाई."

मग चपला हातात घेतल्या आणि ओढ्याकडे गेली. मी आत येऊन आवाज मोठा केला.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. परभणीच्या होस्टेलात गेली, आणि दिवाळीच्या आधीच परत आली. मंदा सांगत होती की ती तिथे कुणाशी बोलत नव्हती, डबा खोलीत नेऊन एकटीच जेवायची, आणि एकदा कुणीतरी काही विचारलं तर रात्रभर रडली. काय विचारलं ते मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही. ती मला भेटायला आली नाही — का येईल? पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सोनपेठकडे दिली. माझ्यामुळेच झालं का सगळं? तसं म्हणणं हाही एक मोठेपणाच, मला माहीत आहे. होस्टेलात मी नव्हते, तिला नको ते विचारणारी मुलगी मी नव्हते. मी फक्त तिला एकदा विचारल्यावर सांगितलं नाही. मग तिला दारातून घालवलं. एवढंच माझ्या वाट्याचं आहे, आणि ते तसूभरही कमी होत नाही.

मी त्या खोल्यांत आणखी पाच वर्षं राहिले. शटर उघडत होते, लावत होते. लोक विचारत होते, मी सांगत होते. नामांतर झालं त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले, आवाज ओढ्याच्या अलीकडे येत होता. मी वह्या तपासत बसले होते.

त्याच वर्षी माझी बदली झाली. निवृत्तीराव बैलगाडी जुंपणार होते, पण बैल आजारी पडला, तेव्हा त्यांनी शेवंताबाईला सांगितलं की बाईंना पिंगळी स्टेशनावर सोडून ये. माझी बॅग माझ्या हातात, आणि अंथरुणाची वळकटी तिच्या डोक्यावर. पाऊण तास आम्ही चाललो. ती पुढे, मी मागे. मी वळकटीकडे बघत चालले होते. स्टेशनावर गाडीला वेळ होता, लिंबाखाली बसलो. म्हणजे मी बाकावर आणि ती खाली.

ती म्हणाली, "आमची वंदी सासरी बी तुमचंच नाव काढती. बाईनं लय शिकवलं म्हणती, घरात बसवून टीव्ही दाखवली म्हणती. दुसऱ्याच्या लेकराला कोण एवढा जीव लावतंय, बाई?"

दुसऱ्याच्या म्हणाली. म्हणजे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. मी कोण ते नाही, आणि पायरीवर काय झालं तेही नाही. पोरीनं घरी जाऊन त्या दिवशी काय सांगितलं असेल, मी आजवर त्याचा विचार पूर्ण करू शकलेले नाही.

मी म्हटलं, हुशार होती मुलगी.

ऊन फार होतं. तिनं पाणी मागितलं. मी बॅगेतली बाटली काढली. वस्तीतल्या तरुण पोरांनी असं वरून ओतलेलं पाणी पिणं कधीच सोडून दिलं होतं, पण शेवंताबाईचा सगळा जन्म मालकांच्या वावरात गेलेला — सवयीनं ती उकिडवी झाली, तोंडाशी ओंजळ धरली आणि मान वर करून वाट बघू लागली. आजूबाजूला आमच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. गाव मागे राहिलं होतं. मला त्या घरी परत जायचं नव्हतं. बाटली तिच्या हातात द्यायची, एवढंच होतं.

मी उभी राहिले आणि वरून पाणी ओतलं. हात शिवणार नाही अशा बेतानं, धार बारीक धरून.

ती ओंजळभर प्यायली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, जपून जावा, बाई. गाडी आली. वळकटी तिनंच आत ठेवून दिली.